गोडो, युनिटी, अनरियल की स्वतःचं इंजिन?

प्रिय मित्रा,

तू पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, पायथन बऱ्यापैकी येतं, ओपन वर्ल्ड गेम, म्हणजे मोठ्या जगात मोकळेपणी हिंडता येतं असा गेम, करायचं मनात आहे. पण गेम बनवायची तयार सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिनं, यांपैकी युनिटी शिकू, अनरियल, गोडो, की सी प्लस प्लस या भाषेत इंजिनच स्वतः लिहू, यावर गाडी अडली आहे.

माझं मत विचारशील तर गोडो घे आणि टूडीपासून, म्हणजे सपाट चित्रांच्या गेमपासून, सुरुवात कर. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे, साध्या लॅपटॉपवरही चालतं, आणि पायथन येणाऱ्याला त्याची भाषा जीडीस्क्रिप्ट परकी वाटत नाही. नोकरीच्या जाहिरातींत युनिटी आणि अनरियलच जास्त दिसतात, ही तुझी शंका रास्त आहे. पण एका इंजिनात पाया पक्का झाला की दुसऱ्यात जाणं फारसं जड जात नाही.

पाया म्हणजे काय, ते सांगतो. पहिल्या गेममध्ये तू बहुधा लिहिशील: प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर उमटणाऱ्या एकेका चित्राला, पात्र ५ पिक्सेल पुढे. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर ते ३०० पिक्सेल सरकेल. १२० फ्रेमच्या स्क्रीनवर मात्र ६००, म्हणजे दुप्पट वेगाने पळेल! म्हणून वेग सेकंदाच्या हिशेबात ठेवायचा आणि मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, म्हणजे डेल्टा टाइमने, गुणायचा. तसंच उडीचं. कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाचा साधारण दहावा भाग उडीचं बटण चालू ठेवतात. खेळणाऱ्याला ते कळतही नाही, पण गेम हाताला गोड लागतो. ही समज कोणत्याही इंजिनात कामी येते.

स्वतःचं इंजिन लिहिणं हा सुंदर अभ्यास आहे. ग्राफिक्स प्रोग्रामिंगची ओढ असेल तर पुढे जरूर कर. आत्ता केलंस तर विंडो, इनपुट, आवाज यांतच महिने जातील आणि गेम राहूनच जाईल. ओपन वर्ल्डही सध्या बाजूला ठेव. तिथे मोठमोठ्या टीमना वर्षं लागतात.

एका स्क्रीनचा गेम कर, पण पूर्ण कर: मेनू, पॉज, आवाज, हार-जीत, सगळं. कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं गिट पहिल्या दिवसापासून वापर. लुडम डेअरसारख्या गेम जॅममध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत गेम बनवायच्या उपक्रमात, उतर, तिथे वेळेचं बंधन असल्याने कल्पना आपोआप आटोपशीर होते. पोर्टफोलिओत असे दोन-तीन गेम असू देत. अर्धवट दहा नकोत.

गेम तयार झाला की इच आयओ या गेम प्रसिद्ध करायच्या वेबसाइटवर टाक आणि एखाद्या मित्राला समोर बसवून खेळायला दे. तो अडकला तरी काही सांगू नकोस, नुसतं बघ आणि लिहून ठेव. पुढची दुरुस्ती त्याच जागेपासून सुरू कर.