जिभेच्या ऑपरेशननंतर स्नायूंची सोनोग्राफी कशासाठी?

वडिलांच्या जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय आणि आता जिभेच्या व चेहऱ्याच्या स्नायूंची सोनोग्राफी सांगितलीय. गाठ परत आल्याचा संशय असेल का, असं तुम्ही विचारलंय. चिठ्ठीत ‘स्नायू’ हा शब्द असेल तर ही तपासणी सहसा गाठ शोधायला नसते; खात्री मात्र चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारून करा. शिल्लक राहिलेले स्नायू किती काम करतात, ते बहुधा बघायचं असतं. मी स्पीच थेरपिस्ट आहे; गिळायला आणि बोलायला पुन्हा शिकवणं हेच माझं रोजचं काम.

हनुवटीखाली भरपूर जेल लावून प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचं हातात धरायचं उपकरण, टेकवतात. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. पडद्यावर जिभेचा वरचा काठ पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. ‘क’ म्हणायला सांगितलं की जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो आणि रेघही तिथे वर जाते. मांडीची किंवा हाताची त्वचा लावून जीभ बनवली असेल, तर तो भाग स्वतःहून आकसत नाही; शेजारची उरलेली जीभ त्याला ओढून नेते. हे हलताना बघणं फार मोलाचं, कारण व्यायाम कोणत्या भागाला द्यायचा ते इथेच कळतं. माझ्या एका पेशंटला ‘जीभ मागे ओढा’ हे शब्दांत समजतच नव्हतं. पडद्यावर स्वतःची रेघ हलताना दिसली आणि तिसऱ्या प्रयत्नात जमलं.

गालाशी चावण्याचा स्नायू आधी सैल असताना आणि मग दात आवळून मोजतात. आवळल्यावर तो जाड व्हायला हवा. स्नायू बारीक झालाय का, रेडिएशननंतर तंतुमय होऊन जास्त पांढरट दिसतोय का, तेही पाहतात. तोंड ३५ मिमीपेक्षा कमी उघडत असेल तर याकडे मुद्दाम लक्ष द्या.

प्रोब जोरात दाबला तर स्नायू चपटा होऊन माप चुकतं. म्हणून दर वेळी दाब हलका आणि बसण्याची पद्धत तीच असावी, आणि शक्यतो मोजणारी व्यक्तीही. जुने रिपोर्ट सोबत न्या. एकट्या आकड्यापेक्षा आधीच्या मापाशी तुलना जास्त सांगते.

एक मात्र लक्षात ठेवा. अन्न श्वासनलिकेत जातंय का, हे या तपासणीत भरवशाने कळत नाही. जेवताना ठसका लागत असेल, पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल, तर गिळण्याची एक्स-रे किंवा दुर्बिणीची तपासणी मागून घ्या. आणि जखम, नवी गाठ, वाढतं दुखणं असं काही दिसलं तर सर्जनला लगेच दाखवा. सोनोग्राफीच्या तारखेची वाट पाहू नका.