सुरेल म्हणजे गोड नव्हे

प्रिय मित्रा,

परवाच्या मैफलीवरचा तुझा लेख पेन्सिल हातात घेऊनच वाचला. त्यात ‘सुरेल’ सहा वेळा आलाय. सुरेल सायंकाळ, सुरेल निवेदन, इतकंच काय, सुरेल आभारप्रदर्शनसुद्धा! ते खरंच सुरेल असतं तर लोक तोवर पार्किंगपर्यंत पोचले नसते.

गोड, मऊ, रेशमी हे गळ्याचे गुण. सुरेलपणा ठरतो तो सूर नेमक्या जागी लागतो की नाही यावर. गोड गळ्याची कितीतरी माणसं कणसूर गातात आणि गोडव्याच्या आड खपून जातात. बेसूर कुणालाही कळतं. कणसूर, म्हणजे सूर कणभर वर किंवा खाली, हे कळायला कान लागतो.

आपल्या नागपुरातल्या सिव्हिल लाइन्सच्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे ते गायक वसंतराव देशपांडे इथेच शंकरराव सप्र्यांकडे शिकले. त्यांचा मारवा राग ऐक. कोमल रिषभ, पंचम नाहीच, षड्जावरही फारसं टेकणं नाही. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला. त्याला गोड कोण म्हणेल? पण तो रिषभ लागतो तेव्हा ‘सुरेल’शिवाय दुसरा शब्द सुचत नाही. तुझ्या मागच्या रांगेत कुणी ‘काय गाऊन राहिली बाप्पा!’ म्हणालं असेल, तर ते बहुधा अशाच जागेवर. त्याचं वाक्य तुझ्या परिच्छेदापेक्षा बरं आहे.

हा फरक मला तंबोऱ्याने शिकवला. मे महिन्यात खोलीत कूलर लावला की थोड्याच वेळात जोडाच्या, म्हणजे एकाच षड्जात लावलेल्या मधल्या दोन तारा सुरावरून हलतात. दोन तारा जवळजवळ एका सुरात असल्या की त्यांच्यात वँव-वँव अशी लहर उठते. खुंटीने तिथवर आणायचं आणि मग तारेत ओवलेला मणी तांदळाच्या दाण्याएवढा सरकवत जायचं. लहर संथ होते, आणखी संथ होते, आणि एकदम नाहीशी होते. दोन तारा होत्या हेच विसरायला होतं. माझ्या लेखी हा शब्द तेवढ्यासाठी आहे.

पेटीवाल्यालाही तू सुरेल म्हटलंस. पेटीचे सूर आधीच बांधलेले; ते श्रेय पेटी लावून देणाऱ्या कारागिराचं. साथीदाराला समजदार म्हण, गायिकेच्या पुढे धावला नाही म्हण. चालीला गोड म्हण, ठसकेबाज म्हण, अवघड म्हण. मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही.

लेख परत पाठवतोय. सहापैकी एक ‘सुरेल’ मी ठेवलाय, तिने मंद्रातला निषाद लावला तिथला. तो तू बरोबर ऐकलास.

रविवारी सकाळी ये, जोड तुझ्याकडूनच लावून घेतो. कूलर बंद ठेवावा लागेल, तेव्हा पंचा घेऊन ये.

तुझा,
काका