जावात प्रत्येक थ्रेडला लागलेला वेळ कसा मोजायचा? उत्तर कधी 0, कधी उणे का येतं?

तुमचे चार थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणारी कामं) आहेत, प्रत्येकाचा वेळ मिलिसेकंदांत हवा आहे. आधी 0 येत होतं, जॉइन() (थ्रेड संपेपर्यंत थांबायला लावणारी मेथड) घातल्यावर -1794 यायला लागलं. या दोन आकड्यांवरूनच दोन्ही चुका सापडतात.

स्टार्ट() थ्रेड सुरू करून लगेच परत येतं, काम संपेपर्यंत थांबत नाही. मेनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या मुख्य थ्रेडमध्ये, स्टार्ट()च्या आधी आणि नंतर घड्याळ बघितलं, तर फक्त थ्रेड सुरू करायचा वेळ मोजला जातो. तो मिलिसेकंदाहून कमी असला की 0 दिसतो.

-1794 आलं, कारण नॅनोटाइम()च्या (नॅनोसेकंदांत वेळ देणारी मेथड) दोन आकड्यांमधला फरक तुम्ही इंट या छोट्या पूर्णांक-प्रकारात ठेवलात. इंटमध्ये जास्तीत जास्त 2,14,74,83,647 मावतात, म्हणजे नॅनोसेकंदांत जेमतेम 2.15 सेकंद. तुमच्या थ्रेडला साधारण 2.5 सेकंद लागले असणार: 250 कोटी नॅनोसेकंद इंटमध्ये कोंबले की -1,79,49,67,296 होतात, आणि त्याला 10 लाखांनी भागलं की -1794. लाँग हा मोठा पूर्णांक-प्रकार वापरा. त्यात सुमारे 292 वर्षं मावतात.

आता मोजमाप. थ्रेडचं काम जिथे लिहिलेलं असतं त्या रन()च्या पहिल्याच ओळीत सिस्टम.नॅनोटाइम() घ्या, बाकी सगळं काम ट्रायमध्ये टाका आणि फायनलीमध्ये पुन्हा नॅनोटाइम() घेऊन फरक त्या थ्रेडच्या स्वतःच्या लाँग फील्डमध्ये ठेवा. फायनली अशासाठी की मध्येच एक्सेप्शन आलं तरी वेळ हातात राहतो. मेनमध्ये आधी चारही थ्रेडना स्टार्ट(), मग चारही थ्रेडना जॉइन(), आणि त्यानंतरच छपाई. रन()च्या आत प्रिंटएलएन (छपाईची मेथड) नको: आउटपुटसाठी थ्रेड एकमेकांसाठी ताटकळतात आणि ते ताटकळणं तुमच्या आकड्यात मिसळतं. करंटटाइममिलिसही नको, कारण ते भिंतीवरचं घड्याळ आहे. एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी यंत्रणा) वेळ मागे सरकवली की फरक उणे येऊ शकतो. नॅनोटाइम()चा एकटा आकडा निरर्थक असतो, फक्त फरकाला अर्थ असतो.

पण तुम्हाला नेमका कोणता वेळ हवाय, हे आधी ठरवा. वरचा झाला घड्याळी वेळ: स्लीप, लॉकसाठी थांबणं, डिस्क, नेटवर्क, आणि प्रोसेसरचा कोअर मिळेपर्यंतचं ताटकळणंही त्यात येतं. दोन कोअरवर चार थ्रेड नुसती आकडेमोड करत असतील आणि प्रत्येकाचं काम 2 सेकंदांचं असेल, तर प्रत्येकाचा घड्याळी वेळ 4 सेकंदांच्या आसपास दिसेल. प्रत्यक्ष सीपीयू किती खाल्ला हे हवं असेल तर मॅनेजमेंटफॅक्टरी या जावाच्या क्लासकडून थ्रेडएमएक्सबीन (थ्रेडची माहिती देणारं ऑब्जेक्ट) घ्या आणि गेटकरंटथ्रेडसीपीयूटाइम() रन()च्या आतूनच बोलवा. मेनमधून, जॉइन()नंतर, थ्रेडचा आयडी देऊन विचारलंत तर -1 मिळतं, कारण थ्रेड तोवर मेलेला असतो. बरेच जण इथेच अडकतात. हाही आकडा नॅनोसेकंदांतच असतो, मात्र विंडोजवर तो साधारण 15.6 मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी वाढतो, त्यामुळे छोट्या कामाला 0 दिसणं तिथे स्वाभाविक आहे. जावा 21च्या व्हर्च्युअल थ्रेडमध्ये (जावा स्वतः सांभाळते ते हलके थ्रेड) ही सोयच नाही, तिथे अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन येतं.

चार थ्रेडच्या घड्याळी वेळांची बेरीज म्हणजे प्रोग्रामचा एकूण वेळ नव्हे. तो हवा असेल तर पहिल्या स्टार्ट()पूर्वी आणि शेवटच्या जॉइन()नंतर वेगळा मोजा. पहिल्या काही फेऱ्यांत जेआयटी (चालू असतानाच कोड वेगवान करणारा कंपायलर) तापलेला नसतो, त्यामुळे ते आकडे धरू नका. सूक्ष्म तुलना करायची असेल तर सरळ जेएमएच हे जावाचं वेग मोजायचं साधन वापरा.

नॅनोसेकंदांचं रूपांतर छापताना, अगदी शेवटी करा. टाइमयुनिटचं टूमिलिस() अपूर्णांक कापून टाकतं: 19,99,999 नॅनोसेकंदांचा 1 मिलिसेकंद होतो. दशांश हवे असतील तर 10,00,000.0 ने भागा. शेवटचं .0 विसरलात तर पूर्णांकी भागाकार होतो आणि दशांश जातात. तास-मिनिटं हवी असतील तर 3725 सेकंदांचं टूमिनिट्स() 62 देतं, 2 नाही. त्या 62 ला 60 ने भागून उरलेली बाकी घ्या, किंवा जावा 9पासून ड्युरेशनमध्ये असलेलं टूमिनिट्सपार्ट() वापरा. सिंपलडेटफॉरमॅट या तारीख छापणाऱ्या क्लासने मात्र कालावधी कधीच छापू नका. तो त्या आकड्याला 1970पासूनची तारीख समजतो आणि भारतातल्या मशीनवर 2 सेकंदांचे 05:30:02 करून दाखवतो.