स्क्रूड्रायव्हर घसरला आणि डिस्प्ले येत नाही: बोर्ड गेला असं ठरवण्याआधी

तुम्ही लिहिलंय की कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड आवळताना स्क्रूड्रायव्हर घसरून रॅम स्लॉटजवळ ओरखडा पडला, पंखे फिरतात, डिस्प्ले नाही आणि डीरॅमचा दिवा (रॅमची अडचण दाखवणारा बोर्डावरचा बारीक एलईडी) पेटून राहतो. आय५-१२४००एफ प्रोसेसर, बी६६० बोर्ड, डीडीआर४ रॅमच्या दोन स्टिक. नवीन बोर्ड लगेच मागवू नका. नव्या जोडणीत हा दिवा बऱ्याचदा रॅम नीट न बसल्यानेही पेटतो, ओरखड्याचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही.

आधी प्लग काढा, पॉवर बटण दाबून उरलेला चार्ज जाऊ द्या आणि मोबाइलची टॉर्च तिरकी धरून ओरखडा झूम करून बघा. नुसता वरचा रंग खरवडला असेल तर काही बिघडलेलं नाही. तांबं दिसतंय पण रेघ (बोर्डावरची सिग्नल नेणारी तांब्याची बारीक पट्टी) अखंड आहे, तरीही बोर्ड चालतो. त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्या. रेघ तुटली असेल किंवा बारीक कपॅसिटर उडाला असेल, तर मात्र नुकसान खरं. काही पॅड, म्हणजे पार्ट सोल्डर करायच्या जागा, कारखान्यातूनच रिकामे येतात, ते गुळगुळीत असतात. पार्ट उडालेल्या जागी सोल्डर खडबडीत दिसतं. रॅम आणि प्रोसेसरमधल्या रेघा नागमोडी असतात, कारण सगळ्यांची लांबी जुळवावी लागते. तिथे घरी वायरचा तुकडा जोडायच्या भानगडीत पडू नका.

आता बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, तिच्या बाहेरच्या थरातून करंट जाऊ शकतो. कॅबिनेटमधले स्टँडऑफही (बोर्ड ज्यांवर टेकतो ते पितळी खुंट) तपासा: बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादा राहिला असेल तर मागून शॉर्ट होतो.

प्रोसेसर, कूलर, ग्राफिक्स कार्ड आणि एकच रॅम, एवढंच लावा. २४ पिन आणि प्रोसेसरची ८ पिन, दोन्ही केबल लागतात. एफ मॉडेलला अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणून मॉनिटरची केबल कार्डालाच. रॅम प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये, खटका वाजेपर्यंत दाबून. बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी पाच मिनिटं काढून सीमॉस (बोर्डाच्या साठवलेल्या सेटिंग्ज) रीसेट करा आणि मग चालू करा. दिवा तसाच राहिला तर दुसरी स्टिक लावून बघा, मग चौथा स्लॉट. प्रत्येक बदलाआधी प्लग काढायचाच.

एका चॅनलवर (रॅम स्लॉट आणि प्रोसेसरमधला मार्ग; असे दोन असतात) बोर्ड चालतो आणि दुसऱ्यावर नाही, असं झालं तर ओरखड्याआधी सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, बघा. कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला तरी काही पिनांवर दाब कमी पडतो आणि चॅनल गायब होतो. तो सैल करून आमनेसामनेचे कोपरे थोडे थोडे आवळा. तरीही नाही, तर प्रोसेसर काढा. १७०० पिनांच्या रांगा तिरक्या उजेडात सारख्या चमकतात, वाकलेली पिन वेगळी दिसते. भिंगाखाली बारीक सुईने तिला अगदी थोडं, ज्या दिशेला हवी त्याच दिशेला ढकला. मागेपुढे केलीत तर तुटेल. तुटलेली पिन ग्राउंडची असेल तर बोर्ड बहुधा चालतो, रॅमच्या डेटाची असेल तर तो चॅनल गेला.

रेघ तुटली असेल तर चिप लेव्हल दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. भौतिक नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. ओरखडा वरवरचा निघाला आणि पिनाही सरळ असूनही दोन्ही स्टिक कोणत्याच स्लॉटमध्ये चालत नसतील, तर बोर्ड वॉरंटीला द्या, ओरखड्याचं स्पष्ट सांगा, आणि पाठवताना सॉकेटवर काळं प्लास्टिकचं झाकण लावा. झाकण नसलं तर बरीच सर्व्हिस सेंटर बोर्ड घेतच नाहीत.