दत्तक आणलेला कुत्रा जवळ येत नाही तेव्हा

‘कुत्रा घरी आणून महिना होत आला, पण तो अजून आमच्याजवळ येत नाही. आमचे काही चुकते आहे का? त्याला आमचे घर आवडलेच नसेल, तर परत द्यावा का?’ भटक्या अवस्थेतून सोडवलेला कुत्रा दत्तक घेणारी कुटुंबे मला हा प्रश्न वारंवार विचारतात, आणि विचारताना त्यांचा आवाज जड झालेला असतो. श्वानवर्तनाची समुपदेशक म्हणून ठाण्यात काम करताना पाहिलेल्या एका घराची हकिकत, त्या कुटुंबाच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून, मी येथे देत आहे.

घोडबंदर रस्त्यालगतच्या एका उंच इमारतीतले हे घर. पती-पत्नी, शाळकरी मुलगा आणि आजी. त्यांनी आणलेली देशी कुत्री साधारण दोन वर्षांची होती. निर्बीजीकरण झाल्याची खूण म्हणून कानाला खाच होती. बांधकामाच्या जागेवर जखमी अवस्थेत सापडलेली ही कुत्री आल्या दिवसापासून हॉलमधल्या दिवाणाखाली बसून होती. सगळे झोपल्यावरच ती जेवत असे आणि लिफ्टमध्ये नेले की थरथरत जागीच लघवी करत असे. मुलगा प्रेमाने दिवाणाखाली हात घालून तिला गोंजारायचा. ‘मॅडम, सवय व्हावी म्हणून मी रोज तिला मांडीवर घेतो, आणि ती अगदी शांत बसते,’ असे वडिलांनी मला सांगितले.

ती शांत नव्हती. मांडीवर असताना तिचे अंग लाकडासारखे ताठ होते, कान मागे चिकटलेले होते, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसत होता, आणि समोर खाणे नसतानाही ती सारखी ओठांवरून जीभ फिरवत होती. पळण्याची वाट बंद झाली की भेदरलेला प्राणी अनेकदा गोठून जातो, आणि आपण त्यालाच विश्वास समजतो. हे असेच चालू राहिले तर पुढे गुरगुरणे येते आणि त्यानंतर चावणे. म्हणूनच गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला कधीही रागावू नये. तो इशारा आहे, आणि तो दाबला तर पुढच्या वेळी कुत्रा इशारा न देताच चावू शकतो.

झाडू दिसला की ती दचकत असे, त्यामुळे तिला कोणीतरी झाडूने मारले असणार अशी घरच्यांची खात्री होती. तसे असूही शकते. पण पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचे असताना ज्या माणसांशी, आवाजांशी आणि वस्तूंशी त्याची ओळख होते, त्यांना ते पुढे सहज स्वीकारते. ज्यांच्याशी ओळखच झाली नाही, ती प्रत्येक गोष्ट मोठेपणी संशयास्पद वाटू शकते. भीतीमागे दरवेळी क्रूरता असतेच असे नाही, हे कळल्यावर घरच्यांच्या वागण्यातली दयेची घाई थोडी ओसरली.

सर्वप्रथम मी त्यांना पशुवैद्यांकडे पाठवले. मागच्या पायाची जुनी दुखापत अजून दुखत होती, म्हणजे प्रत्येक वेळी उचलून घेताना तिला वेदना होत होत्या. त्यावर औषध सुरू झाले. (माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला परस्पर देऊ नका, त्या जिवावर बेतू शकतात.)

त्यानंतर दिवाणाखालची जागा पूर्णपणे तिची ठरली. तेथे कोणीही हात घालायचा नाही, डोकावायचेही नाही. उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे तिला हातातून न देता, ती बाहेर आली की तिच्या पाठीमागे टाकायचे. हातातल्या तुकड्याच्या ओढीने ती मान ताणून पुढे येते आणि तुकडा संपताच आपण माणसाच्या फार जवळ आलो आहोत हे जाणवून आणखी भेदरते. मागे पडलेल्या तुकड्याने मात्र तिला खाणेही मिळते आणि अंतरही, आणि पुन्हा पुढे यायचे की नाही हे तिचे तीच ठरवते. ती सर्वांत आधी गेली आजींकडे. आजी दुपारी जमिनीवर बसून मेथी निवडत असत, तिच्याकडे पाठ अर्धवट वळवून आणि तिच्याकडे न बघता. एके दिवशी तिने येऊन त्यांच्या पदराचा वास घेतला आणि आजींचे हात तसेच मेथीत राहिले. हात पुढे न करण्याचा तो संयम फार मोलाचा होता.

लिफ्टसाठी अधिक काळ लागला. आधी बाल्कनीत कृत्रिम गवताचा ट्रे ठेवून शी-शूची सोय केली, म्हणजे रोजची सक्ती थांबली. मग दुपारी वर्दळ नसताना, लिफ्टपासून ती खाऊ शकेल इतक्या अंतरावर उभे राहायचे, दार उघडल्याचा आवाज झाला की लगेच चिकन द्यायचे. क्रम महत्त्वाचा आहे: आधी आवाज, मग खाणे. उलट केले तर खाणे हीच संकटाची चाहूल बनते. ती खाणे नाकारू लागली, तर अंतर कमी पडले असे समजून मागे यायचे. बाहेर नेताना गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) यांना दोन वेगळ्या दोऱ्या लावाव्यात, कारण घाबरलेला कुत्रा एका झटक्यात पट्ट्यातून मान सोडवून पळतो.

गणपती विसर्जनाच्या ढोल-ताशांनी ती पुन्हा दिवाणाखाली गेली आणि मुलाच्या आईचा फोन आला, ‘सगळे पाण्यात गेले.’ तसे नव्हते. ती आपणहून जवळ आली तर तिला खुशाल थोपटा, त्याने भीती वाढत नाही, एवढेच मी त्यांना सांगितले.

कुत्रा परत द्यावा का, याचा निर्णय तो किती जवळ येतो यावरून घेऊ नये. दचकल्यानंतर त्याला सावरायला किती वेळ लागतो, हे वहीत लिहून ठेवावे. सावरण्याचा वेळ कमी होत नसेल, कुत्रा दिवस-रात्र काहीच खात नसेल किंवा लघवीच करत नसेल, तर पशुवैद्यांना दाखवावे. काही कुत्र्यांना भीतीवरची औषधे खरोखरच लागतात. या कुत्रीला विसर्जनातून सावरायला कित्येक दिवस लागले होते. दिवाळीत रात्री फटाके वाजले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर येऊन जेवली. पाहुणे आले की ती अजूनही आत निघून जाते, आणि घरचे तिला जाऊ देतात.