रेखाचित्राचा जुना फोटो

प्रश्न: पुठ्ठ्यावर चिकटवलेला, सॉक्रेटिसच्या रेखाचित्राचा तपकिरी फोटो आहे. हा खरा फोटो की छपाई? कसा जपावा? – वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: दहापट भिंगातून पाहा. ठिपक्यांची जाळी म्हणजे छपाई. सलग छटा, चकाकी, बारीक तडे दिसले तर बहुधा अल्ब्युमेन प्रिंट, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला कागद. साधारण १८५० ते १८९०. चकाकी नसून प्रतिमा कागदाच्या तंतूंतच मुरलेली असेल तर सॉल्ट प्रिंट, म्हणजे मिठाच्या पाण्यात भिजवून तयार केलेल्या कागदावरचा फोटो, कदाचित त्याहूनही जुना. रेषा काळ्या म्हणून मूळ चित्र कोळशाचंच, असं धरू नका. त्या काळी कॅमेऱ्यात फिल्मऐवजी वापरल्या जाणाऱ्या काचांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे लाल खडूही काळा उमटे.

पुठ्ठ्यावरून सोडवू नका. लॅमिनेशन तर नकोच. आम्लरहित कागदात, ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर, आडवा ठेवा. ठाण्याच्या पावसाळ्यात डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल हवंच.