इकॉनॉमिक्सचे सर-मॅडम नेमकं मागतात तरी काय?

जून-जुलैत ॲडमिशन होतात आणि ऑगस्टपासून आमच्याकडे एकाच धाटणीची पत्रं यायला लागतात, हजेरी, असाइनमेंट, इंटर्नलचे मार्क, सर असे का वागतात वगैरे. या वेळची सगळी पत्रं अर्थशास्त्राच्या मुलांची निघाली म्हणून एकत्रच घेतलीत. एवढं लक्षात ठेवा की प्रत्येक विद्यापीठाचे बारीकसारीक नियम वेगळे असतात, तेव्हा स्वतःच्या कॉलेजचं माहितीपत्रक आधी वाचा (कोणी वाचत नाही हे मला ठाऊक आहे).

प्रश्न : मॅडम, मी एस.वाय.बी.ए. इकॉनॉमिक्सला आहे. आठवड्यातले दोन दिवस सकाळी मेडिकल दुकानात काम करतो, घरची गरज आहे. माझं नाव कमी हजेरीवाल्यांच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये लागलंय. नोट्स सगळ्या आहेत माझ्याकडे, तरी हजेरीसाठी एवढं अडून का बसतात? — एक विद्यार्थी, सांगली

बाळा, आधी हिशोब करू. 4 क्रेडिटचा थिअरी पेपर म्हणजे साधारण 60 तास शिकवणं, 75 टक्के हजेरी म्हणजे त्यातले 45, म्हणजे तुझ्या हातात सुट्टीचे 15 तास, आठवड्याला एखादं लेक्चर बुडालं तर निभावतं. पण आठवड्याच्या चार लेक्चरमधली दोन तुझ्या कामाच्या दिवशी येत असतील तर तू 50 टक्क्यांवर येतोस आणि तिथे कुठल्याच सरांचा इलाज चालत नाही. आजारपण, एनसीसी-एनएसएसचा कॅम्प, विद्यापीठाच्या स्पर्धा यासाठी सूट मिळते, नोकरीसाठी सहसा मिळत नाही, ते मलाही पटत नाही पण आहे ते असं आहे. मित्राकडून प्रॉक्सी हजेरी लावू नकोस, सापडलास तर जी सहानुभूती आहे तीही जाईल.

करायचं काय, तर दुकानदाराशी बोलून दोनातला एक दिवस संध्याकाळवर घेता येतो का बघ आणि वर्गशिक्षकांना आत्ताच लेखी कळव, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रडत गेलेल्या मुलांचं कोणी ऐकत नाही. अगदीच जमत नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ अशाच मुलांसाठी आहे, तिथे जायचं म्हणजे कमीपणा घ्यायचा असं काही नाही. आणि नोट्सचं म्हणशील तर त्यात उत्तर असतं, वर्गात कुणीतरी वेड्यासारखा प्रश्न विचारतो आणि सर फळ्यावर दुसरीच आकृती काढतात ते नसतं.

प्रश्न : मी एफ.वाय.ला आहे. मागणीच्या प्रश्नाला आकृती काढली, उदाहरण दिलं, गणिताचं उत्तरही बरोबर, तरी 10 पैकी 4. पेपर न वाचताच मार्क देतात का? — एक विद्यार्थिनी, नांदेड

तू उत्तराचा फोटो पाठवलास ते बरं केलंस. मी पण गठ्ठेच्या गठ्ठे तपासते, त्यामुळे कुठे मार्क गेले ते सांगू शकते.

तुझ्या आकृतीत दोन रेषा आहेत आणि एक वक्र, अक्षांना नावंच नाहीत. आडव्या अक्षावर नगसंख्या, उभ्यावर किंमत, मूळबिंदू, वक्राचं नाव, आणि खाली दोन ओळी की या आकृतीत काय दिसतंय. किंमत उभ्या अक्षावर का घेतात, गणितात तर स्वतंत्र चल आडव्यावर असतो ना, असा प्रश्न पडला असेल तर शाबास, ती आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाच्या काळापासूनची पद्धत आहे, गणितवाले अजून नाकं मुरडतात पण आपण तशीच काढायची.

दुसरं, तू लिहिलंस की कांदा 20 चा 40 रुपये किलो झाला म्हणून मागणी वक्र डावीकडे सरकला. इथे खरे मार्क गेलेत. किंमत वाढली की आपण त्याच वक्रावरून वर सरकतो, त्याला संकोच म्हणायचं. वक्र स्वतः कधी सरकतो? चातुर्मास लागला, कांदा-लसूण न खाणारी घरं वाढली, भाव 20 चाच आहे पण 5 किलो घेणारं घर आता 1 किलोच घेतंय, हा मागणीतला ऱ्हास आणि इथे नवा वक्र डावीकडे काढायचा. एवढा फरक ज्याला कळला त्याचा अर्धा पहिला सेमिस्टर सुटला असं मी वर्गात म्हणते.

तिसरं, लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते याचं माप. भाव 20 वरून 40, मागणी 5 किलोवरून 3 किलो, तू थेट लिहिलंस 0.4. सुरुवातीचे आकडे पाया धरले तर मागणी 40 टक्के घटली, भाव 100 टक्के वाढला, म्हणून 0.4, बरोबर आहे. पण शेजारच्या मुलीने मध्यबिंदू पद्धतीने केलं असेल तर सरासरी मागणी 4, सरासरी भाव 30, आणि तिचं उत्तर येतं 0.75, तेही बरोबरच. चिन्ह दोन्हीकडे ऋण, पण आपण बहुतेकदा ते सोडून बोलतो, तेव्हा चिन्ह सोडलंय असं उत्तरात लिहायचं. आता तपासणाऱ्याने तुझं नुसतं 0.4 बघून काय समजायचं, सूत्र लावलं की कुणाच्या पेपरात डोकावली? सूत्र लिही, आकडे घाल, मग उत्तर. पायऱ्यांना मार्क असतात, शेवटी गडबड झाली तरी ते मिळतात.

प्रश्न : असाइनमेंट चॅटजीपीटीकडून करून घेतली, खोटं कशाला बोलू, पण चेक केलं तर सिमिलॅरिटी फक्त 6 टक्के. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाने 10 टक्क्यांपर्यंत चालतं ना? सरांनी शून्य दिलंय. — एम.ए. भाग 1, छत्रपती संभाजीनगर

यूजीसीची 2018 ची नियमावली आहे हे खरं, 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही हेही खरं, पण ती टक्केवारी दुसऱ्याच्या मजकुराशी जुळणी किती एवढंच मोजते, लिहिलं कोणी हे ती मोजतच नाही. त्यातले 10-40, 40-60 असे टप्पे आणि त्यांचे दंड मुख्यतः प्रबंध, शोधनिबंध यांच्यासाठी आहेत, वर्गातल्या असाइनमेंटला सर स्वतःचा नियम लावू शकतात. तुझ्याच पत्रात पुढे आहे की सरांनी बोलावून विचारलं, हा बेरोजगारीचा आकडा कुठल्या सर्व्हेचा, आणि तुला सांगता आलं नाही. शून्य तिथे आलं रे, 6 टक्क्यात नाही.

यंत्राला वापरू नका असं मी म्हणणार नाही, इंग्रजी नीट करायला, न समजलेली संज्ञा सोपी करून घ्यायला माझी मुलं वापरतात आणि मला सांगतात. पण ते आकडे आणि संदर्भ बिनदिक्कत बनवून देतं. बाकी, सुरुवातीला नियम सांगितलेलाच नव्हता असं खरंच असेल तर आधी सरांशी, मग विभागप्रमुखांशी बोल, त्यापुढे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठाचे लोकपाल आहेत, यूजीसीच्या 2023 च्या नियमांनी ती सोय दिलीय. पण तिथे गेलास तर तोच प्रश्न परत विचारतील.

प्रश्न : इकॉनोमेट्रिक्सच्या (आकडेवारीवरून अर्थशास्त्र तपासायचा विषय) मॅडम रिपोर्टसोबत एक्सेलची फाईल आणि कोड पण मागतात. निकाल टेबलात दिलाय ना, मग विश्वास नाही का? — एक विद्यार्थिनी, मुंबई

नाही, विश्वास नाही, आणि नसावाच. 2010 मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी एक पेपर काढला, त्यात असं की सरकारी कर्ज जीडीपीच्या 90 टक्क्यांवर गेलं की सरासरी वाढदर उणे 0.1 टक्क्यावर येतो. युरोपात खर्चकपातीच्या बाजूने बोलणाऱ्या नेत्यांनी तो भरपूर वापरला. मग मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, ॲमहर्स्टला, थॉमस हर्नडन नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला वर्गात असाइनमेंट होती, छापून आलेला एखादा पेपर घ्या आणि त्याचे निकाल परत काढून दाखवा. त्याने हाच पेपर घेतला, पण आकडे काही केल्या जुळेनात. शेवटी लेखकांकडेच फाईल मागितली, त्यांनी एक्सेल शीट पाठवलं, त्यात सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटलेल्या, ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. शिवाय काही वर्षांचा डेटा वगळलेला आणि सरासरीला वजनं देण्याची पद्धत वादाची. सगळं धरून 2013 मध्ये त्याने आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी उणे 0.1 च्या जागी 2.2 टक्के काढून दाखवला. एक्सेलची चूक लेखकांनी मान्य केली, बाकीच्या मुद्द्यांवर ते अडून राहिले. हे बाहेर आलं ते कोणीतरी फाईल मागितली म्हणून आणि समोरच्यांनी दिली म्हणून.

तेव्हा डाउनलोड केलेला मूळ डेटा हात न लावता एका फाईलमध्ये ठेव, जे काय कापाकापी करायची ती दुसरीत कर, सॉफ्टवेअर आर असो की स्टाटा, कोड सेव्ह कर, आणि डेटा कुठून कोणत्या तारखेला घेतला ते वर लिही. जीडीपीचे आकडे आधी आगाऊ अंदाज, मग तात्पुरता, मग सुधारित असे बदलत जातात, तू जानेवारीत घेतलेला आकडा मॅडमना जूनमध्ये दिसणारच नाही आणि मग तुमची दोघींची विनाकारण जुंपेल.

प्रश्न : ग्रुप प्रोजेक्टमध्ये पाच जण, काम मी एकटीच करते. — टी.वाय., पणजी

फुकट्या प्रवाशाचा प्रश्न (काम एकाने करायचं, फायदा सगळ्यांनी घ्यायचा) तुमच्या सिलॅबसमध्येच आहे, आता घरपोच मिळाला. गट जेवढा मोठा तेवढा तो वाढतो, म्हणून पुढच्या वेळी तिघींचा गट कर. या वेळी कोणी कुठला भाग केला याचा एक कागद सगळ्यांच्या सह्या घेऊन प्रोजेक्टला जोड, सह्या मागितल्या की दोघं तरी कामाला लागतात.

प्रश्न : बारावी आर्ट्स, गणित दहावीनंतर सोडलं. एम.ए. झेपेल का? — एक वाचक, लातूर

झेपेल, पण गणित टाळून नाही. प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या नेट परीक्षेच्या अर्थशास्त्राच्या सिलॅबसमध्ये संख्याशास्त्र-इकॉनोमेट्रिक्स आणि गणिती अर्थशास्त्र ही स्वतंत्र युनिट आहेत, म्हणजे आज चुकवलंस तर पुढे गाठणारच. ॲडमिशनच्या आधीच्या दोन-तीन महिन्यात रेषेचा उतार, साधं डिफरन्सिएशन, लॉग आणि सरासरी-विचलन एवढं अकरावी-बारावीच्या पुस्तकातून हाताने सोडव, व्हिडिओ बघून मान डोलवू नकोस. लॅग्रांजची पद्धत वगैरे पुढचं गणित वर्गात शिकवतातच, तिथे न कळल्यावर हात वर करायला लाजू नकोस, मागच्या बाकावरच्या निम्म्यांना कळलेलं नसतंच. कॅल्क्युलेटर कुठला चालतो ते मात्र परीक्षेच्या सूचनेत बघूनच विकत घे.